साडेतीन महिन्यांचा डोस

प्रिय मनू,



परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, बाळाला सर्दी झालीय, डोस पुढे ढकलू का?" ढकलू नकोस, असं मी लगेच सांगितलं. पण मागून घरातले आवाज येत होते. कुणी म्हणत होतं थंडी सरू दे, कुणी म्हणत होतं संक्रांतीनंतर बघू, आणि तुझा आवाज बारीक होत गेला. म्हणून हे सविस्तर लिहायला बसले. सासूबाईंना वाचून दाखव, जावईबापूंनाही. मासिकालाही पाठवतेय, कारण उपकेंद्राच्या ओट्यावर दर हिवाळ्यात हाच प्रश्न मला इतक्या आयांनी विचारलाय, की उत्तर एकट्या तुझ्यापुरतं ठेवणं बरं नव्हे.

नाक गळतंय, अधूनमधून खोकतोय, अंग जरा कोमट लागतंय, पण अंगावर नीट पितोय आणि ओळखीचं माणूस दिसलं की हसतोय, अशा बाळाला डोस देता येतो. द्यावाच. मूल खरोखर आजारी असेल, सडकून ताप असेल, दवाखान्यात ठेवायची वेळ आली असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढं थांबायचं आणि बरं झाल्याबरोबर द्यायचा. तुझ्या बाळाला आता पाचवा महिना लागलाय. दीड आणि अडीच महिन्यांचे डोस माहेरी झाले, साडेतीन महिन्यांचा राहिला. राहिला म्हणून पहिल्यापासून पुन्हा करावं लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे चालू.

या एका डोसात किती काय आहे बघ. डाव्या मांडीत पेंटाचा तिसरा डोस. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब नावाचा जंतू, या पाचांवर मिळून एक सुई. पोलिओचे थेंब, शिवाय दंडात पोलिओचीच छोटी सुई. तोंडावाटे रोटाव्हायरसची लस. आणि उजव्या मांडीत पीसीव्ही. थंडीच्या दिवसांत माझा जीव अडकतो तो या पीसीव्हीत. ही लस ज्यावर आहे तो न्यूमोकॉकस नावाचा जंतू मुलांच्या नाकाघशात एरवी गुपचूप असतो. साध्या सर्दीने आतली त्वचा दुखावली की तो फुप्फुसात उतरतो, कधी रक्तात, तर कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. 2019 या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची सात लाखांहून जास्त मुलं न्यूमोनियाने दगावली. ही लस आपल्याकडे बरीच वर्षं फक्त खाजगी दवाखान्यात मिळायची, आणि परवडायची ती थोड्यांनाच. सरकारी कार्यक्रमात ती 2017 पासून काही राज्यांत आली आणि 2021 मध्ये देशभर मोफत सुरू झाली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने असे तिचे तीन डोस. मी नोकरीत असताना सुरगाण्याच्या पाड्यांवर हिवाळ्यात श्वास कोंडलेली पोरं आम्ही जीपमध्ये घालून तालुक्याला नेलीत. ती लस त्या पोरांना मिळाली असती तर, हा विचार अजून मनातून जात नाही. तुझ्या बाळाला ती घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर फुकट मिळतेय, मनू.

रोटाचंही तसंच. जुलाब म्हटले की आपल्याला पावसाळा आठवतो. पण रोटाव्हायरसचे जुलाब थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीत जोर धरतात. आधी उलट्या, थोडा ताप, मग पाण्यासारखे जुलाब, आणि दिवसाभरात टाळू खोल जाते. लस असूनही जुलाब झालेच तर ते सहसा सौम्य असतात. तरी ओआरएसची पुडी आणि झिंकच्या गोळ्या घरात असू देत, आणि अंगावर पाजणं एक वेळही बंद करू नकोस.

डोसाच्या ठिकाणी गेलीस की सिस्टरकडून एक गोष्ट बघून घे. लसीच्या कुपीवर एक छोटं जांभळट वर्तुळ असतं आणि त्याच्या आत एक चौकोन. कुपी नवी असते तेव्हा आतला चौकोन पांढरा असतो. कुपीला उष्णता लागत गेली की तो हळूहळू गडद होतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर लस वापरण्याजोगी. दोन्ही एकाच रंगाचे झाले, की कुपी टाकून द्यायची. 2 ते 8 अंशांत जपलेली लस बर्फाच्या डब्यातून तुमच्या गावापर्यंत आणायची, वाटेत बिघडली नाही ना याची खूण म्हणून हे चिन्ह असतं. "ताई, चौकोन दाखवा बरं" असं म्हटलंस तर कुणालाही राग येणार नाही. मला कुणी असं विचारलं की बरं वाटायचं. त्या बाईचं आपल्या लेकराकडे लक्ष आहे, हे कळायचं.

सुई झाल्यावर अर्धा तास तिथेच बस. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत ताप येईल, मांडी लालसर होईल, बाळ किरकिर करेल. पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे असं होतं, आणि एक-दोन दिवसांत उतरतं. मांडीवर थंड पाण्याची ओली पट्टी ठेव. शेकायचं नाही, चोळायचं नाही, हळद-चुना लावायचा नाही. तापाला पॅरासिटॅमॉल, तेही सिस्टर किंवा डॉक्टर सांगतील तेवढंच. इथे नीट लक्ष दे. हे औषध दोन प्रकारच्या बाटल्यांत मिळतं. थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलीलीटरमध्ये साधारण 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरपच्या मोठ्या बाटलीत पाच मिलीलीटर मिळून 120 किंवा 250. म्हणजे थेंबांचं औषध कितीतरी जहाल. सिरपचं माप धरून थेंबांची बाटली ओतली तर बाळाच्या यकृतावर बेतू शकतं. बाटलीवरचा आकडा दर वेळी वाचायचा, शेजारीण काय देते ते विचारायचं नाही.

तुझ्या सासूबाईंची भीती मला समजते. नातू रडून लाल होतो, रात्रभर कण्हतो, तर आजीचं काळीज हलणारच. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्याजवळ बस आणि विचार, तुमच्या लहानपणी गल्लीत डांग्या खोकल्याने, घटसर्पाने किती लेकरं गेली? त्या पिढीतल्या बहुतेक बायकांना एखादं नाव तरी आठवतं. खोकता खोकता निळं पडणारं मूल त्यांनी पाहिलेलं असतं. आपण पाहिलेलं नाही, कारण मधल्या काळात लस आली.

आता घरात काय करायचं ते सांगते. थंडीतल्या खोकल्या-सर्दीतलं बहुतेक दुखणं विषाणूंचं असतं, ते आपलं आपण बरं होतं. त्याला अँटिबायोटिक लागत नाही आणि लागूही पडत नाही. पण त्यातलंच एखादं न्यूमोनियावर जातं. ते ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही, डोळे आणि घड्याळ पुरतं. हे आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या साध्या माणसांना, दायांना मुलांचे श्वास मोजायला शिकवलं. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधन तयार केलं, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मण्यांची ओळ. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्याच्या पुढे हात गेला, तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. या कामाने त्या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू घटले, आणि 1990 मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. अक्षरओळख नसलेल्या दाया जे करत होत्या, ते तू बी.कॉम. झालेली मुलगी नक्की करशील.

बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, झबलं वर कर. पीत असताना किंवा रडत असताना मोजू नकोस. मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लाव आणि पोटाकडे बघ. पोट एकदा वर आलं की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान बाळांचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच धावतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षात 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत 40 किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. तुझ्या बाळासाठी 50 लक्षात ठेव, थोरल्या लेकीसाठी 40. आकडा जास्त वाटला तर थोड्या वेळाने पुन्हा मोज. तरी तेवढाच भरला, की त्याच दिवशी दवाखाना गाठ. आज बाळ बरं असताना एकदा मोजून बघ. त्याचा नेहमीचा श्वास कसा असतो ते कळलं, की बिघडलेला पटकन कळतो.

आणि आकडा मोजत बसायचं नाही अशीही वेळ असते. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जातेय, ज्याला आपण पोट उडतंय, डबा झाला म्हणतो. ओठ किंवा जीभ निळसर दिसतेय. पिणं सोडलंय. पाजलं ते सगळं उलटतंय. आकडी आली. हलवून जागं करावं लागतंय. यातलं एक जरी दिसलं तरी 108 ला फोन. रात्रीचे दोन वाजलेले असोत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर नुसता ताप आला किंवा अंग गार पडलं तरी थांबायचं नाही.

खोकल्याच्या सिरपबद्दल मला कळकळीने सांगायचंय. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक मुलं गेली. साधा सर्दी-खोकला होता. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, मुलांची मूत्रपिंडं बंद पडली. त्यातल्या कित्येकांना आपल्या नागपूरला आणलं होतं, तिथल्या दवाखान्यांत त्यांनी प्राण सोडले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीचं सिरप द्यायचंच नाही, आणि पाच वर्षांखालीही सहसा नाही. भेसळीचा दोष त्या कंपनीचा आणि तपासणी न करणाऱ्यांचा, यात मला शंका नाही. पण मूळ औषधाचीच त्या लेकरांना गरज नव्हती, हे जास्त जिव्हारी लागतं. तुझ्या फ्रीजच्या दारात मागच्या वर्षीची अर्धी बाटली असेल तर ओतून टाक.

मग द्यायचं काय? नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब, औषधाच्या दुकानात सलाईन ड्रॉप्स म्हणून मिळतात. पाजण्याआधी दोन-दोन थेंब टाकले की बाळ पिऊ शकतं. अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा पाज. सहा महिने पूर्ण होईपर्यंत दुसरं काही नको, कोमट पाणीही नको. थोरलीला रात्री झोपताना चमचाभर मध चालेल, त्याने खोकल्याची ढास कमी होते. पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, गुटीतूनही नाही, चाटणातूनही नाही. मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे इतक्या लहान बाळाच्या आतड्यात विष तयार होतं आणि हातपाय लुळे पडतात. थोरलीचं केळं आणि दही मात्र थंडीच्या नावाखाली बंद करू नका. तिला भूक आहे ते खाऊ दे. मऊ भात, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, कोमट वरण.

आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या दोन-तीन गोष्टी मात्र थांबवायला हव्यात. सासूबाईंना हे पटवणं अवघड जाईल, तेव्हा माझं नाव पुढे कर. मालिश करावी, कोवळ्या उन्हात करावी, त्याने बाळाला झोप छान लागते. पण नाकात तेल सोडायचं नाही. ते थेट फुप्फुसात जातं, आणि तेलाने होणारा न्यूमोनिया लवकर बरा होत नाही. धुरीही बंद. शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, धूप टाकून बाळाला त्या धुरावर धरणं म्हणजे त्याच्या कोवळ्या छातीत धूर भरणं. कापराची पुरचुंडी नाकाशी बांधू नका, कापूर लहान मुलांना बाधतो, आकडीही येते. आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपायचं नाही, कधीच नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेलं माणूस झोपेतच जातं.

तुमच्या निफाडची थंडी मला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी दर वर्षी पेपरात येते. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत पहाटे शेकोट्या पेटवता, तो धूर घरात शिरतो. त्या वेळी बाळाच्या खोलीची बागेकडची खिडकी लावून घे, दिवसा उघड. कपडे आपल्यापेक्षा एक थर जास्त, टोपडं, मोजे, बस. गोधड्यांत गुंडाळून घामाघूम केलेलं बाळ जास्त आजारी पडतं. जड गोधडी तोंडावर येईल अशी घालू नकोस. उताणं झोपव.

घरातल्या मोठ्यांचंही बघायचंय. बाळाला आजार बाहेरून कमी आणि घरातूनच जास्त मिळतो. बालवाडीतून थोरली आणते, बाजार समितीतून जावईबापू आणतात. आल्या आल्या हातपाय साबणाने धुवून मगच बाळाला घ्यायचं. शिंका येत असतील त्याने मुका घ्यायचा नाही, मग ते आजोबा का असेनात. सासऱ्यांना जुना दमा आहे, त्यांनी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्यावी. बिडी ओट्याच्या पलीकडे.

फ्लूच्या लशीबद्दल तू विचारलंस. ती सरकारी लसीकरण कार्डावर नाही, खाजगीत विकत घ्यावी लागते आणि स्वस्त नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर वर्षी ती द्यावी असं सांगते. पहिल्या वर्षी दोन डोस, मध्ये चार आठवडे. दर वर्षी का, तर विषाणू रूप बदलतो आणि जागतिक आरोग्य संघटना दर वर्षी लशीतले विषाणू नव्याने ठरवते. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, छोटी. म्हणून खरी वेळ एप्रिल-मे. पण तुझं बाळ डिसेंबरात सहा महिन्यांचं होतंय, तर त्याला तेव्हाच देऊन टाक, मेपर्यंत थांबू नकोस. पैशांची ओढाताण असेल तर सगळ्यांत आधी बाळ आणि सासरे. मला विचारशील तर मोबाईलचा नवा हप्ता पुढे ढकलून हे करावं.

थोरलीचं कार्डही काढ. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस दीड वर्षाच्या रकान्यात आहे का बघ. 2022 च्या अखेरीस गोवंडीत, भिवंडीत, मालेगावात गोवर पसरला तेव्हा गेलेली बरीच मुलं डोस न झालेली होती. कोरोनाच्या काळात राहून गेलेले डोस पुन्हा कुणी भरून घेतले नव्हते. गोवर अंगावरच्या पुरळापुरता नसतो, तो मुलाची ताकदच काढून घेतो आणि मागून न्यूमोनिया येतो. बाळाचा पहिला डोस नवव्या महिन्यात, पीसीव्हीच्या तिसऱ्या डोसासोबतच.

संक्रांतीला बाळाचं बोरन्हाण करणार आहात, हलव्याचे दागिने तू स्वतः करतेयस, हे ऐकून फार आनंद झाला. थाटात करा. दोनच गोष्टी पाळ. वाडीतली पोरं बोलावशील त्यांच्या आयांना आदल्या दिवशी सांग, कुणाला ताप-खोकला असेल तर त्याला वाटा घरपोच येईल. आणि बोरं, भुईमुगाचे दाणे, हलव्याचे दाणे बाळाच्या डोक्यावरून पडले की लगेच गोळा करा. सात महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि दाणा श्वासनलिकेत गेला तर मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं. चुरमुरे-बत्तासे तर नकोच.

हे छापून आल्यावर ज्या आया, आज्या वाचतील त्यांनाही सांगते. 12 नोव्हेंबर ते 28 फेब्रुवारी सरकारची न्यूमोनियाविरुद्ध 'सांस' मोहीम असते, त्यात आशाताई घरोघरी येतात. त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नका. बाळ दाखवा, श्वास मोजायला शिकवा म्हणा, कार्ड पुढे करा, आणि कार्डावर जो रकाना रिकामा दिसेल त्याची तारीख त्यांच्याकडून तिथेच लिहून घ्या.

तुझी,
मावशी